दारातला खोकला

अण्णा, भांडण असं अर्धवट टाकून जायची ही कुठली पद्धत? माझी रेवा जन्मल्यापासून आपण दोघं एकाच गोष्टीवरून भांडत होतो. सकाळी भांडलो, जेवताना भांडलो, तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीवरून आणि मी आतल्या खोलीतून ओरडून भांडलो. आणि निकाल लागायची वेळ आली तर तुम्ही निम्मा चहा कपात ठेवून चालते झालात. परवा तुमचा तेरावा झाला. पाव्हणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, माय आज पहिल्यांदा दुपारी जरा आडवी झाली. म्हणून आता बसलोय तुमच्याशी राहिलेलं बोलायला. ऐकायचं तर ऐका, नाहीतर नेहमीसारखा पेपर तोंडासमोर धरा. पण एक आधीच सांगून ठेवतो. मी जिंकलोय.

मायला अजून वाटतं की आपण डायपरवरून भांडायचो. ते भांडण वेगळं, ते लवकर मिटलं. "लेकराच्या बुडाला पोतं कशाला बांधलं?" म्हणत तुम्ही धोतर फाडून लंगोट करायला बसला होता. मी गुलमंडीत लेस-अस्तराचं दुकान चालवणारा माणूस. धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराला तोड नाही हे मला कुणी सांगायला नको. पण पुंडलिकनगरात नळाला पाणी त्याच्या मर्जीनं येतं, आणि लेकराची मर्जी त्याहून दांडगी. बादलीत लंगोटांचा ढीग, टाकीत खडखडाट, आणि खुर्चीवरून तुमचा बारीक आवाज आला, "आण रे ती पोती." तिथं मी तुम्हाला फार चिडवलं नाही. मोठं भांडण बाकी होतं ना.

तसं बऱ्याच गोष्टींवर आपलं एकमत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. लेकराच्या अंगड्याला लेस लावणारा माणूस लेकराचा दुश्मन, हे माझं मत तुम्हाला पटलं होतं. दिवसभर मी लेस विकतो, पण रेवाच्या गळ्याला ती टोचू देत नाही. झोपलेलं लेकरू "बघू, बघू" करत उठवणाऱ्या पाव्हण्याला चहा द्यायचा नाही, हे तुमचं मत मला पटलं होतं. आणि सगळे नाक-डोळे निरखत "कुणावर गेली गं ही?" करायला लागले, की तुम्ही म्हणायचा, "दमा जरा, तिला ठरवू द्या." तेव्हा तुम्हाला कडेवर घेऊन नाचावंसं वाटायचं. पण आपल्या घरात कुणी कुणाला उचलायचं याचे नियम होते, आणि भांडण तिथंच होतं.

तुमच्या सुनेची, अश्विनीची, दवाखान्यात सकाळची ड्यूटी. ती नर्स, तिचं घड्याळ पक्कं. माझं दुकान अकराशिवाय उघडत नाही, कारण गुलमंडीत त्याआधी कुत्रंसुद्धा अस्तर मागायला येत नाही. म्हणून सकाळ माझी आणि रेवाची. तेल, आंघोळ, नाचणीची पेज, मग खांद्यावर टाकून खोलीत येरझाऱ्या. आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला नात बघायची हुक्की यायची. तुम्ही दारापर्यंत यायचा, पडद्याच्या पलीकडं थांबायचा आणि खोकायचा. तुमच्या छातीत कफ नव्हता, घसा ठणठणीत होता. तो खोकला म्हणजे मला हुकूम होता, की लेकराला पलंगावर ठेव, मी आत येतोय. कारण बापासमोर आपलं लेकरू घ्यायचं नसतं. मी ठेवलं की तुम्ही आत येणार, आणि आत येऊन तिला खुशाल उचलणार. आजोबानं उचललं तर चालतं. फक्त बापानं त्याच्या बापासमोर उचलायचं नाही. वा रे न्याय!

मी ठेवायचोच नाही.

"अण्णा, या की सरळ आत."

"आधी तिला ठेव."

"का?"

"बापासमोर आपलं लेकरू घेत नसतेत."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला कुणी? रीत हाय."

"आबांसमोर, तुमच्या बापासमोर, तुम्ही कोकरं घेत होता ना? दोन-दोन कोकरं काखेत मारून चालायचा, तुम्हीच सांगता. कोकरू चालतं, पोरगं चालत नाही?"

"कोकराचा बाप कुठं समोर बसलेला असतो?"

ड्यूटीला निघायच्या आधी स्वयंपाकघरात डबा भरता भरता अश्विनी इतकी हसली की तिला ठसका लागला. तुम्ही मात्र गंभीर. थोडं थांबायचा, परत एकदा खोकून बघायचा, आणि मी जागचा हललो नाही की चपला फरफटवत गॅलरीत जाऊन बसायचा. नात दहा पावलांवर आणि आजोबा रुसून खुर्चीत. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

राग कशाचा होता ते तुम्हाला माहीत होतं. मी काही रीतभात मोडायला निघालेला समाजसुधारक नव्हे. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तुम्ही मला कधी उचललं होतं का. लहानपणचं मला पुष्कळ आठवतं. मायच्या खांद्यावरची पदराची घडी आठवते. आत्याच्या कडेवरून केलेली आदळआपट आठवते. गावाकडचा, पाचोडचा आठवडी बाजार मी थोरल्या बापूंच्या, तुमच्या मोठ्या भावाच्या, खांद्यावर बसून बघितला, शेवेच्या गाड्यावरचा कंदील माझ्या डोक्याला लागला होता, ते आठवतं. आणि तुम्ही? तुम्ही शेजारून चालत होता, हात मागं बांधून. माझ्या एकाही आठवणीत तुमचा हात माझ्या अंगाखाली नाही. स्वतःचं लेकरू छातीशी आलं तेव्हापासून हे जास्तच खुपायला लागलं. मी विचारायचो, "मला कधी घेतलं होतं का?" तुम्ही म्हणायचा, "मोठा झालास ना? मग?" हे काय उत्तर झालं, अण्णा?

आजोबा म्हणून मात्र तुम्ही नंबर एक. मी दुकानाला गेलो रे गेलो की तुमचं राज्य. पहिल्यांदा तुम्ही तिला घेतलं तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर असलेली अश्विनी हात पसरून धावली होती. तिला पालथी हातावर टाकली, पोट तुमच्या मनगटावर, डोकं कोपराच्या खोबणीत, हातपाय दोन्हीकडं लोंबकळते. "अहो अण्णा, पडेल ती!" "पडत नाय. कोकरू असंच धरतेत." आणि रडून लाल झालेली पोरगी गप्प. मग तुम्ही दोन बोटांनी तिच्या पाठीवर टिपटिप करायचा, ढेकर निघेपर्यंत. दुकानाला निघता निघता मी ते खिडकीतून चोरून बघितलं आणि तुमच्या माघारी शिकलो. आधी गल्लीत तुम्हाला फारसं कुणी नावानं ओळखत नव्हतं. कंपनीतून रिटायर झालेला, कमी बोलणारा माणूस. पुढं पुढं किराणावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला रेवाचे अण्णा म्हणायला लागले, आणि तुम्ही त्या नावाला ताबडतोब ओ द्यायचा.

मग जावळ आलं. पाचोडला, कुळदैवताच्या देवळापुढं, सगळ्या भावकीसमोर. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला गॅलरीत बोलावून घेतलंत. म्हणालात, "हितं तुझं राज्य हाय, तू ऐकत नाय, ठीक हाय. पण तिथं थोरल्या बापूसमोर तिला हात लावायचा नाय. माझी मान खाली जाईल असं करू नको." तुम्ही आयुष्यात मला फार कमी वेळा असं मागितलं असेल. मी शब्द दिला.

त्या सकाळचं मी तुम्हाला परत सांगणार आहे, कारण त्या गोष्टीत तुम्ही फार भारी दिसता. मामाच्या मांडीवर जावळ काढायचं. अश्विनीचा भाऊ जालन्याहून आलेला, कॉलेजातला, त्यानं हातात मोबाइलपेक्षा जड काही धरलेलं नसणार. रेवाला त्याच्या मांडीवर ठेवली. न्हाव्यानं डोकं भिजवलं, वस्तरा लावला, पुढचे केस निघाले आणि पोरीनं जो सूर काढला! धनुष्यासारखी वाकली. मामा घाबरला. माय चुटक्या वाजवून दमली. अश्विनीनं शेजारी बसून गाणं म्हटलं. केस झेलायला पदर पसरून बसलेली आत्या म्हणाली, "आरं लवकर करा, माझे हात मोडायलेत." न्हावी म्हणाला, "हलू देऊ नका, लागंल तिला." अर्धं डोकं झालेलं, अर्धं तसंच. आणि रेवा दोन्ही हात लांब करून माझ्याकडं बघत होती. साऱ्या माणसांतून तिला मीच पाहिजे होतो. मी हात मागं बांधून उभा होतो, बाजारात तुम्ही चालला होता अगदी तसा. मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतली.

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बाजेवर बापूंच्या शेजारी बसलेले. तुम्ही माझ्याकडं बघत होता, मग रेवाकडं, मग परत माझ्याकडं. आणि तुम्ही उठून उभे राहिलात.

"घे रे तिला."

बापू म्हणाले, "आरं, त्याचा बाप बसलाय की समोर."

"बापच म्हणतोय," तुम्ही म्हणालात. "घे."

अण्णा, त्या दोन शब्दांसाठी मी तुमचं सगळं माफ केलं. मी पळत गेलो. मामाच्या मांडीला मांडी लावून बसलो, म्हणजे मामाचा मानही राहिला, आणि रेवाला तुमच्या पद्धतीनं हातावर पालथी घेतली. दोन हुंदके देऊन ती शांत. न्हाव्यानं तेवढ्यात मागचं डोकं साफ केलं. आत्याच्या पदरात केस पडले. बापू आपल्या मिशीत पुटपुटले, "धरलंय बी बापासारखंच." मला वाटलं कोकराबद्दल बोलतायत. जेवणाच्या पंगतीत भावकीतली दोन-तीन तरणी पोरं आपापली लेकरं मांडीवर घेऊन बसलेली मी स्वतः बघितली, आणि त्यांचे बाप समोरच्या पंगतीत खाली मान घालून वांग्याची भाजी ओरपत होते. मी तर वरण वाढणाऱ्यालासुद्धा सांगत होतो की आमच्या अण्णांनी सांगितलं म्हणून.

परत येताना आडूलच्या पुढं गाडीत मी परत तोच प्रश्न काढला. म्हटलं, आता तर सांगा, मला घेतलं होतं का कधी? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "ती झोपली का बघ." झोपली होती. तुम्हाला दिसत होतं ते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? दारात खोकला! मी म्हटलं, "काय हो अण्णा, काल पाचोडला काय झालं?" तर म्हणे, "ते पाचोडला. हे घर हाय." काय बोलावं या माणसाला! पण त्या दिवशी तुम्ही माघारी गेला नाहीत. रेवा माझ्या खांद्यावर असतानाच आत आलात, आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिलात. पाठ माझ्याकडं. म्हणजे बाप समोर नाही. पाठमोऱ्यानंच हात मागं केलात, आणि रेवानं तुमचं बोट धरलं. त्यानंतर रोज तसंच चाललं. एक खोकला, मग पाठ, मग बोट. अजून महिना मिळाला असता तर मी तुम्हाला तोंड फिरवायला लावलं असतं, पैजेवर सांगतो.

तो महिना मिळाला नाही. चहा पिता पिता तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि आम्हाला काही करायलाही वाव दिला नाही. मला रडू आलं ते नंतर, दुकानात. घरात बसवेना म्हणून गुलमंडीत जाऊन शटर अर्धं वर केलं, तर शेजारचे अत्तरवाले रफिकभाई येऊन म्हणाले, "अब्बा गए, और तुम दुकान कायकू खोल रे मियाँ? घर जाओ. बच्ची को लेके बैठो." त्यांनीच शटर खाली ओढलं. मी पायरीवर बसून लेकरासारखा रडलो. लई रडलो. रफिकभाई पाण्याचा ग्लास धरून तसेच उभे राहिले.

दहाव्याला माझ्या डोक्यावरचे केस काढले. घरी आलो तर रेवा मला ओळखेना. लांबूनच बघत राहिली, मग रांगत आली, मांडीवर चढली आणि माझ्या टकलावरून हात फिरवायला लागली. मग स्वतःच्या डोक्यावरून. तिच्या डोक्यावर जावळानंतरची कोवळी लव आलेली, माझं एकदम तुळतुळीत. तिला तो खेळच झाला. तुम्ही असता तर म्हणाला असता, कुणावर गेली ते आता ठरलं.

आता निकालाचं ऐका. तेराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. बाहेर पंगती चाललेल्या, रेवा कंटाळून किरकिर करायला लागली म्हणून मी तिला घेऊन आतल्या खोलीत आलो. तुमची पद्धत, पोट मनगटावर, डोकं कोपरात. आणि दारात, पडद्याच्या पलीकडं, खोकला आला.

तुमचाच खोकला, अण्णा. तोच सूर, मधे तोच अडखळलेला घसा. आणि जे तुम्ही असताना मी एकदाही केलं नाही ते माझ्या हातांनी आपोआप केलं. मी रेवाला पलंगावर ठेवायला वाकलो.

"राहू दे, राहू दे," पडदा सरकवत थोरले बापू आत आले. "ठेवू नको. तुझ्या बापानं सांगितलंय, घे म्हणून. मी कोण ठेव म्हणणारा?"

ते पलंगाच्या कडेला टेकले. रेवाकडं, माझ्या हाताकडं बघत राहिले. तुमच्यासारखेच डोळे, फक्त जास्त थकलेले. मग हसायला लागले.

"तुला बी तो असाच धरायचा," बापू म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हंजे? तुझा बाप. दुसरं कोण धरंल तुला असं उलटं?"

मी म्हटलं, बापू, त्यांनी मला कधीच घेतलं नाही. आबांसमोर घेत नसत ना.

"आबासमोर कुठं घेईल? पण आबा यायचे तर पार लिंबाच्या झाडापसून खोकत यायचे. का? तर ह्याला तुला खाली ठेवायला टाइम भेटावा म्हणून. आन् हा लेकाचा लवकर ठेवायचाच नाय. आबा दारात उभे राहून परत खोकायचे. परत खोकायचे. मी म्हणायचो, आबा, घसा फुटंल, जावा की आत. तर म्हणायचे, थांब, अजून ठेवलं नाय त्यानं."

"म्हणजे आबांना माहीत होतं?"

"समद्यांला माहीत व्हतं. माहीत नसल्यासारखं करायचं, तीच तर रीत."

मी इतक्या जोरात हसलो की माय स्वयंपाकघरातून घाबरून आली. भर तेराव्याला पोरगा हसतोय, डोक्यावर परिणाम झाला की काय! मी तिला विचारलं, माय, हे खरं का? ती पदरानं हात पुसत म्हणाली, "खरं म्हंजे? रोजचंच व्हतं ते. मला वाटलं तुला ठावं असंल." आणि चपात्या करपतील म्हणून परत गेली. मी तिथं एका हातानं डोळे पुसत होतो आणि दुसऱ्या हातावर रेवा, आणि ती आपली माझ्या शर्टाचं बटण चावत होती.

सापडलात की नाही, अण्णा? एवढी वर्षं मला झुलवलंत! मला वाटायचं, तुमचा खोकला म्हणजे लेकरू घ्यायला मनाई. अहो, कुणीच लेकरू घेत नसतं तर दारात खोकलं कशाला असतं कुणी? तुम्ही मला खाली ठेवायचा, रोज ठेवायचा, आबा आले की ठेवायचा. खाली ठेवायला आधी उचलावं लागतं. आणि ढेकर काढायची ती दोन बोटं! कोकराची कुणी ढेकर काढतं का? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आठवत नाही म्हणून काय झालं, माझ्या पोटाखाली तुमचं मनगट होतं. मी जिंकलो, आणि माझ्या बाजूनं साक्ष द्यायला थोरले बापू स्वतः आले.

आता दुपार झालीय. माय घोरतेय, अश्विनी ड्यूटीवरून यायचीय. गॅलरीत तुमची खुर्ची तशीच आहे, तिच्यावर रेवाची अंगडी वाळत टाकलीत, एकालाही लेस नाही. ती माझ्या हातावर पालथी झोपलीय, तोंडातून लाळ गळून माझी बाही भिजलीय. दाराला पडदा आहे आणि मी दाराकडंच तोंड करून बसलोय. या तुम्ही. पार लिंबापासून खोकत या, पडद्यामागं उभे राहून खोका, घसा फुटेपर्यंत खोका. मी हिला खाली ठेवणार नाही.